ग्लायडरचं शेपटाचं चाक: स्किडच नवी करावी, की चाक बसवावं?

जुनं एकआसनी ग्लायडर घेतलेल्याला पहिल्याच हंगामात हा प्रश्न पडतो. शेपटाखाली घासत जाणारी टाच, म्हणजे स्किड, झिजलेली असते, धावपट्टीवर तिचा खरखराट ऐकवत नाही, आणि बाजूच्याच हँगरमध्ये त्याच मॉडेलचं दुसरं विमान मागे गुबगुबीत हवेचं चाक लावून उभं असतं. स्टँडर्ड सिरस, एएसडब्ल्यू २०, डिस्कस या विमानांत हे दोन्ही प्रकार बघायला मिळतात, त्यामुळे मोह साहजिक आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: हा निर्णय चाकाकडे बघून घ्यायचाच नसतो. आधी वजनाचा कागद काढायचा, मग आपण जिथून उडतो ते मैदान बघायचं, आणि चाकाचं कॅटलॉग सगळ्यात शेवटी.

मराठी वाचकांपैकी बऱ्याच जणांची ग्लायडिंगशी पहिली ओळख हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये, विंचवरून, म्हणजे दोर गुंडाळून विमान वर खेचणाऱ्या यंत्रावरून, झालेली असते. तिथलं विमान संस्थेचं, त्यामुळे मागे काय लावायचं हा विद्यार्थ्याचा प्रश्नच नसतो. पुढे जर्मनी, इंग्लंड किंवा अमेरिकेत नोकरीला जाऊन दोघा-तिघांनी मिळून जुनं विमान घेतलं, की असले निर्णय आपल्या गळ्यात पडतात. हा मजकूर प्रामुख्याने त्यांच्यासाठी.

विमान उभं कशावर राहतं?

सगळ्या ग्लायडरना शेपटाच्या चाकाची सारखी गरज नसते. एएसके २१ सारख्या दोनआसनी विमानाला नाकाखालीही चाक आहे. माणसं आत बसली की ते नाकावर टेकतं आणि शेपूट वर जातं. मागच्या चाकाला काम पडतं ते रिकामं विमान ढकलताना, किंवा उतरताना शेपूट खाली राहिलं तर. अशा विमानाचं मागचं चाक बदलण्यात डोकं घालण्यापेक्षा नाकाच्या चाकाचं बेअरिंग तपासलेलं बरं.

बहुतेक एकआसनी विमानांची गोष्ट उलटी. वैमानिक बसल्यावरही शेपूट जमिनीवरच असतं. टेकऑफच्या धावेची सुरुवात आणि उतरल्यानंतरचा शेवटचा टप्पा, दोन्ही मुख्य चाक आणि शेपूट यांच्यावर पार पडतात. खड्ड्यांचे धक्के बूममधून, म्हणजे शेपटाकडे जाणाऱ्या लांबलचक बारीक नळीतून, जातात. खरी तुलना अशा विमानांपुरतीच आहे.

स्किड

स्किड म्हणजे शेपटाखालची घसरती टाच. खाली पोलादाची नाल, वर रबर किंवा फोमचा ठोकळा, आणि सगळं बूमला चिकटवलेलं, असा साधारण प्रकार. नाल झिजली की बदलायची. वजन कमी, हवेचा विरोध कमी, पंक्चरचा प्रश्न नाही.

गवताच्या मैदानावर स्किडला मी अजूनही पहिली पसंती देतो. धावेच्या सुरुवातीला वेग कमी असतो, तेव्हा रडरला, म्हणजे शेपटाच्या उभ्या सुकाणूला, पुरेशी हवा मिळत नाही. अशा वेळी कॉकपिटमधली नियंत्रणाची काठी मागे धरली की स्किड गवतात रुतून शेपूट सरळ ठेवते. उतरताना तीच थोडा ब्रेक होते. शेतात उतरावं लागलं तर हा ब्रेक अंगाशी न येता उपयोगी पडतो. काही रचनांमध्ये आणखी एक फायदा असतो: विमान जमिनीवर गर्रकन फिरलं, म्हणजे ग्राउंड लूप झाला, तर आडव्या जोराने चिकटवलेली स्किड आधी सुटते आणि बूमवरचा ताण कमी होतो. स्किड परत चिकटवायला एक दुपार जाते. बूमची दुरुस्ती करायची तर हंगाम जातो.

डांबरी किंवा काँक्रीटच्या पट्टीवर मात्र तिचं काही खरं नाही. नाल भराभर झिजते आणि आडव्या वाऱ्यात शेपटाला बाजूची पकड मिळत नाही. नाल पूर्ण झिजली हे लक्षात आलं नाही, तर पुढची घासाघीस बूमच्या फायबरग्लासवर होते. रोजच्या तपासणीत वाकून खाली बघण्याची सवय नसलेल्या मालकाने स्किडच्या वाटेला जाऊ नये.

घट्ट रबराचं छोटं चाक

ही मधली वाट, आणि मला ती सगळ्यात कमी आवडते. हवा भरायला नको, पंक्चर नाही, खोबणीत नीट मावतं. पण प्रत्येक खडा, प्रत्येक सांधा थेट बूमपर्यंत पोचतो. छोटं चाक मऊ जमिनीत रुततं, आणि रुतलं की स्किडसारखं घसरत पुढे जात नाही, अडतं. कारखान्यातूनच असं चाक लावून आलेलं असेल तर राहू द्या, बेअरिंग आणि बुश बदलून वापरा. मुद्दाम स्किड काढून हे बसवावं असं कारण मला सापडत नाही. पट्टी गुळगुळीत डांबरी, उड्डाणं भरपूर आणि चाकात हवा भरायला कोणालाच वेळ नाही, अशा क्लबच्या विमानाचा एवढा अपवाद करता येईल.

हवेचं चाक

एकआसनी ग्लायडरच्या मागे सर्रास दिसणारं माप म्हणजे २०० बाय ५०: बाहेरचा व्यास २०० मिलिमीटर, रुंदी ५०. डांबरावर हे चाक सरळ धावतं, बाजूची पकड देतं, धक्के गिळतं. हँगरमधून विमान सरळ मागे ढकलायचं तर डॉलीशिवाय, म्हणजे शेपटाला लावायच्या सुट्या चाकगाडीशिवाय, भागतं. वळवायचं असेल तर मात्र शेपूट उचला किंवा डॉली लावा, कारण बहुतेक ग्लायडरचं शेपटाचं चाक जागच्या जागी वळणारं नसतं, एकाच दिशेत पक्कं असतं. ‘चाक बसवलं की विमान हलवणं सोपं’ या युक्तिवादातली निम्मी हवा इथेच जाते. डॉली लागणार म्हणजे ती उड्डाणाआधी काढायची काळजीही तशीच राहणार. विसरलेल्या डॉलीसकट उडालेलं विमान धोकादायक रीतीने शेपटाकडे जड होतं.

मोठ्या चाकाचा एक परिणाम कोणी फारसा सांगत नाही. चाक स्किडपेक्षा खाली लोंबत असेल, तर जमिनीवर असताना शेपूट उंच राहतं. म्हणजे दोन्ही चाकं एकदम टेकवताना पंखाचा हवेशी कोन पूर्वीपेक्षा कमी, आणि टेकतानाचा वेग किंचित जास्त. फरक थोडाच असतो, पण जुन्या सवयीने उतरणाऱ्याला पहिल्या काही लँडिंगमध्ये शेपूट अपेक्षेपेक्षा लवकर लागतं.

देखभालही वाढते. नळी, व्हॉल्व्ह, दोन तुकड्यांचा हब (टायरच्या आतला चाकाचा धातूचा भाग), बेअरिंग. दाब साधारण २ ते ३ बारच्या पट्ट्यात असतो, पण आकडा आपल्या विमानाच्या मॅन्युअलमधलाच धरायचा. हब उघडण्यापूर्वी हवा पूर्ण सोडायची, हे मोठ्या अक्षरांत लिहून हँगरच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे. हवा असलेल्या टायरचे बोल्ट ढिले केले तर हबचे अर्धे भाग उसळून माणसाला लागू शकतात. नवी नळी घालताना टाल्कम पावडर लावा, थोडी हवा भरून तिला गोल आकार येऊ द्या आणि मगच दोन भाग जुळवा. नळी मध्ये चिमटली तर ती त्याच दिवशी फुटेल असं नाही. तिसऱ्या आठवड्यात, घरापासून लांब फुटेल.

हेच २०० बाय ५० माप लहान इलेक्ट्रिक स्कूटरनाही लागतं, त्यामुळे ऑनलाइन बाजारात टायर-ट्यूब स्वस्तात मिळतात. माप जुळलं म्हणून तो भाग विमानाचा होत नाही. विमानांची चाकं बनवणाऱ्या टोस्टसारख्या कंपनीचा किंवा खुद्द विमान कारखान्याचा, कागदपत्रांसह आलेला भागच घ्या. फरकाचे पैसे डोळ्यांत भरतात, मान्य आहे. पण पुढच्या वार्षिक तपासणीत निरीक्षकाने तो टायर काढायला लावला तर दोन्हींचे पैसे गेले.

किलोभराचा हिशेब

शेपटावर वाढलेलं वजन जिथे वाढतं तिथे एकटं राहत नाही, ते कॉकपिटमध्ये वसूल होतं. एक उदाहरण मांडतो. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, आपल्या विमानाचे आपण घालावेत. समजा, गुरुत्वमध्याच्या मागच्या मर्यादेपासून (तो याहून मागे गेलेला चालत नाही) शेपटाचं चाक ३.७ मीटर मागे आहे आणि वैमानिकाचं वजन ०.८ मीटर पुढे पडतं. स्किड काढून चाक बसवल्यावर शेपटाकडे ०.८ किलो वाढलं. ०.८ गुणिले ३.७ भागिले ०.८, म्हणजे कॉकपिटमधलं किमान वजन ३.७ किलोंनी वर गेलं. कॉकपिटमधल्या पाटीवर पूर्वी ७० किलो लिहिलं असेल तर आता ७४ लिहावं लागेल. ७२ किलोंच्या भागीदाराला उद्यापासून भरपाईचं शिसं घेऊन बसायचं आहे. तो तुमचा निम्मा हिस्सेदार असेल तर चाक मागवण्याआधी त्याच्याशी बोललेलं बरं.

हाच हिशेब उलटाही वापरतात. १०० किलोंच्या आसपासच्या वैमानिकाचं विमान कायम नाकाकडे जड राहतं. अशांसाठी काही विमानांना शेपटाच्या चाकाचा पितळी हब मिळतो. पितळ ॲल्युमिनिअमच्या तिपटीहून जड, त्यामुळे वेगळं शिसं न ठोकता गुरुत्वमध्य मागे नेता येतो. एकट्या मालकासाठी हा खरा सुधार आहे. मात्र हब दोन किलोंनी जड असेल तर वरच्याच आकड्यांनी कॉकपिटचं किमान वजन सव्वानऊ किलोंनी वाढतं. चार वेगवेगळ्या वजनांची माणसं उडवतात त्या विमानाला तो लावणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

शेपटाच्या पंखात बॅटरी ठेवायची सोय असलेल्या विमानांत जुन्या लेड-ॲसिडऐवजी हलकी लिथियम बॅटरी ठेवून चाकाचं वाढलेलं वजन भरून काढता येतं. कल्पना चांगली आहे, पण तो वेगळा बदल झाला आणि त्यालाही वेगळी मान्यता लागते.

आणि वजन करताना एक बारकी चूक टाळा. ग्लायडर मुख्य चाक आणि शेपूट अशा दोन ठिकाणी काट्यावर ठेवतात, आणि शेपटाचा टेकण्याचा बिंदू किती मागे आहे तो आकडा हिशेबात जातो. स्किडचा टेकण्याचा बिंदू आणि नव्या चाकाचा ॲक्सल एकाच जागी असतीलच असं नाही. शेपटाखाली ३५ किलो भरले आणि अंतर ५ सेंटिमीटरने चुकलं, तर २५० किलोंच्या रिकाम्या विमानात गुरुत्वमध्य ७ मिलिमीटरने खोटा येतो. जुन्या वजनपत्रकातलं अंतर तसंच उतरवून घेऊ नका, ओळंबा लावून नव्याने मोजा.

कागद

स्किडची नाल, टायर, नळी, बेअरिंग जशीच्या तशी बदलणं ही देखभाल झाली. स्किडच्या जागी चाक हा विमानातला बदल झाला. ही सीमारेषा सगळीकडे साधारण सारखीच आहे. अमेरिकेत विमान देखभालीच्या नियमांच्या, म्हणजे पार्ट ४३ च्या, परिशिष्टात वैमानिक-मालकाला करता येणाऱ्या कामांची यादी आहे. तीत टायर बदलणं आहे, बेअरिंगला ग्रीस लावणं आहे, चाक बदलणंही आहे, पण वजन-संतुलनाचा नवा हिशेब लागत नसेल तरच. स्किडच्या जागी चाक आलं की तो लागतोच, त्यामुळे मेकॅनिकची सही आली. एक्स्पेरिमेंटल प्रमाणपत्रावर उडणाऱ्या आयात ग्लायडरना आपापल्या ऑपरेटिंग लिमिटेशन्स, म्हणजे त्या विमानाला घातलेल्या अटी, बघाव्या लागतात.

युरोपात हलक्या विमानांच्या देखभालीचे नियम, म्हणजे पार्ट-एमएल, मालकाला बरीच मोकळीक देतात, पण बदलासाठी मान्य माहिती हवी, आणि ती बहुधा कारखान्याच्या टेक्निकल नोटच्या रूपात असते. तुमच्या मॉडेलसाठी, तुमच्या अनुक्रमांकाला लागू पडणारी अशी नोट आहे का, हा पहिला ईमेल. उत्तर ‘नाही’ आलं तर तुलना तिथेच संपली, स्किड नवी करा. ‘आहे’ आलं तरी खोबण कापणं, लॅमिनेट (फायबरग्लासचे थर) चढवणं, ॲक्सलची भोकं बरोबर काटकोनात पाडणं हे फायबरग्लासच्या कार्यशाळेचं काम आहे, हँगरमध्ये शनिवारी उरकण्याचं नव्हे. चाकाच्या किमतीच्या कितीतरी पट मजुरी होते, आणि अंदाजपत्रकात लोक नेमकी तीच विसरतात.

मग कोणी काय करावं

गवताचं मैदान, हलका वैमानिक, स्किड शाबूत: नाल बदला आणि उडत राहा. डांबरी पट्टी, आडवा वारा नेहमीचा, वजनात जागा आणि कारखान्याची नोट हातात: हवेचं चाक बसवा, पश्चात्ताप होणार नाही. मैदान गवताचं आहे पण वर्षातून दोनदा डांबरी पट्टीवर स्पर्धेला जाता, तर एक जादा नाल पेटीत ठेवा. आधीपासून चाक असलेलं विमान ‘अपग्रेड’ करायचं डोक्यात असेल तर आधी चाक उचलून हाताने फिरवा आणि बाजूला हलवून बघा. बहुतेक वेळा खडखड बेअरिंगची किंवा झिजलेल्या बुशची निघते, आणि हबची खरेदी वाचते.

काम कोणतंही निघो, चाक किंवा स्किड सुटली आहे तोवर आतल्या भागात टॉर्च मारून बघा. खोबणीच्या कोपऱ्यांत जेलकोटला (वरच्या गुळगुळीत थराला) बारीक तडे, ॲक्सलच्या भोकाभोवती पांढुरकी पडलेली लॅमिनेट, साचलेली माती आणि ओल. नाण्याने टकटक करत जा. टणक आवाज मध्येच बसका झाला तर तिथे थर सुटलेला असू शकतो, आणि मग चाकाचा विषय बाजूला ठेवून निरीक्षकाला फोन करायचा.