वेणी ओढणारी का भांडी घासणारी: आधी कोणाला हातात घ्यायचं?

माझी भाची बारावी अन् नीट दोन्ही आटपून बसली आहे. बाहेर नवतपा, ही दिवसभर कूलरसमोर गादी टाकून पडून राहते, अन् परवा मला म्हणते, मावशी एखादी लांबलचक फँटसी सिरीज सांग नं, पण हिरोइन अशी पाहिजे की शेवटी शेवटी बह्याड होत नाही. मी म्हटलं काऊन, कोणी केलं तुला एवढं दुखी? तर म्हणे डॅनी.

आता 'गेम ऑफ थ्रोन्स' मधल्या डॅनेरिसचं दुःख आपल्या सगळ्यांनाच आहे. आठ सीझन, ७३ एपिसोड, अन् २०१९ च्या शेवटच्या सीझनमध्ये फक्त सहा एपिसोडांत बाईचं जे काय करून टाकलं ते टाकलं. पण ते टीव्हीवाल्यांनी केलं आहे. पुस्तकांची गाडी २०११ च्या पाचव्या पुस्तकावरच उभी आहे, पुस्तकातली डॅनी अजून कुठंच पोचली नाही, म्हणून तिला या तुलनेत घेतच नाही. ज्यांची गोष्ट पुस्तकांत पूर्ण झाली अशा दोघी घेते, कारण अर्ध्या वाटेवरच्या माणसाबद्दल काय बोलायचं.

एक म्हणजे 'द व्हील ऑफ टाइम' मधली नायनीव्ह, अन् दुसरी 'अर्थसी' मधली तेनार. दोघींवरही वाचणारे एकच आरोप करतात, की बाई पुढं जायच्या ऐवजी मागे गेली. मला दोन्ही आरोप पटत नाहीत, पण सारखेच पटत नाहीत असंही नाही.

आधी खर्च सांगून देते, कारण सुट्ट्या मोजक्याच आहेत. नायनीव्हसाठी १४ पुस्तकं, प्रत्येक इतकं जाड की उशीखाली ठेवलं तर मान धरते. पहिलं १९९० चं, शेवटचं २०१३ चं. मूळ लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेला, शेवटची तीन ब्रँडन सँडरसन या दुसऱ्या लेखकाने त्याच्या नोट्सवरून पूर्ण केली. टीव्हीवर पाहून घेऊ असा विचार असेल तर तो सोडून दे, तीन सीझन झाले अन् २०२५ मध्ये बंद केली. तेनारसाठी तिची लेखिका उर्सुला ले ग्विनची चार बारीक पुस्तकं पुरतात, त्यातही पहिलं फक्त त्या जगाची ओळख व्हावी म्हणून. मी तेनारवालं एकेक पुस्तक दोन दिवसांत संपवलं आहे. अन् व्हील ऑफ टाइमला मला पावणेदोन वर्षं लागली, तेही रोज नागपुरात लोकमान्य नगरवरून बर्डीपर्यंत मेट्रोत जाताना-येताना वाचून.

आता नायनीव्ह. गावची वैदीण आहे, पंचविशीची, जडीबुटी देणारी, अन् कोणी ऐकलं नाही की काठी घेऊन मागे लागणारी. राग आला की स्वतःची वेणी ओढते. आता हे वेणी ओढणं पहिल्या पुस्तकात मजेचं वाटते, तिसऱ्यात ठीक, पाचव्यात मी मेट्रोत मोजायला सुरुवात केली होती, अन् मग सोडून दिलं कारण स्टेशन चुकून राहिलं होतं. लोक म्हणतात पाहा, चौदा पुस्तकं झाली तरी बाई तिथंच. पण मला वाटते इथं थोडा घोळ आहे. या सिरीजमध्ये माणसं इतकी आहेत की पानावर कोण आलं हे चटकन कळावं म्हणून लेखक प्रत्येकाला एक खूण देऊन ठेवतो, अन् जे लोक दोन-दोन वर्षं पुढच्या पुस्तकाची वाट पाहत होते त्यांना ती खूण कामाची होती, आपण मात्र सगळी पुस्तकं एका दमात खातो म्हणून ती डोक्यात जाते. त्यात अजून एक, छापायला तेवीस वर्षं लागली पण गोष्टीच्या आत सगळं मिळून जेमतेम दोन-तीन वर्षं होतात. दोन-तीन वर्षांत तुझी सवय सुटते का? माझी नखं खायची चाळिशी आली तरी सुटली नाही.

म्हणून वेणी नको पाहू, हात पाहा तिचे. तिला जादू फक्त रागात असली तरच जमते, ही तिची सुरुवातीपासूनची अडचण. सहाव्या पुस्तकात ती असा उपचार करून दाखवते की जो जादू करणाऱ्या सगळ्या मोठ्या मोठ्या पंडित बायांनी अशक्य म्हणून सोडून दिला होता, पण तेव्हाही राग लागतोच. सातव्यात ती होडी बुडून पाण्याखाली अडकते, रागावून उपयोग नाही, ओरडून उपयोग नाही, अन् मग पहिल्यांदा जोर लावणं सोडून देते, अन् तिथं ती अडचण सुटते. सहा-सात हजार पानांची ढकलाढकली त्या एका पानासाठी आहे असं मला तरी वाटते. अन् पुढं त्या पंडित बायांच्या मोठ्या परीक्षेत, जिथं शांतपणे पावलं टाकत पुढं जायचं अन् समोर काही का होईना विचलित व्हायचं नाही असा नियम आहे, तिथं बाई नियम मोडते, कारण माणसं मरून राहिली असताना शांत चालणं तिला जमतच नाही. त्याच परीक्षेत तिची वेणी जळून जाते. बाप्पा, मी मेट्रोत हसली त्या ठिकाणी. सँडरसनने वाचकांची तक्रार ऐकली की काय कोणास ठाऊक, पण पुढं ओढायला वेणीच राहत नाही.

शेवटच्या पुस्तकातली गोष्ट थोडी फोडून सांगते, नको असेल तर हा पॅरा सोड. ऐन मोक्यावर, जगाचा निकाल लागून राहिला आहे तेव्हा, तिला जादू वापरता येत नाही, अन् समोर एक बाई रक्त जाऊन मरून राहिली आहे. तेव्हा ती आपली थैली उघडते, सुईदोरा अन् जडीबुटी काढते. म्हणजे पहिल्या पुस्तकातली वैदीणच. ही मागे गेली का? मला विचारशील तर नाही, कारण मधली बारा पुस्तकं तिला शिकवून राहिली होती की हे काम गावंढळ आहे, खरं काम जादूचं.

इथूनच मला तेनार आठवते, म्हणून ही जोडी.

तेनार पाच वर्षांची असताना आईबापापासून नेली जाते, नाव काढून घेतलं जाते, अन् जमिनीखालच्या काळोख्या भुयारांची पुजारीण करून टाकतात. 'द टूम्ब्स ऑफ अतुआन', १९७१. दिवा न्यायचा नाही, भिंतीला हात लावून वळणं मोजायची. ती पोट्टी तिथून बाहेर येते, नाव परत मिळते, राजधानीत मिरवणूक, अन् पुस्तक संपते. मग अठरा-एकोणीस वर्षं तिच्याबद्दल काहीच नाही, अन् १९९० मध्ये 'तेहानू' येते (नायनीव्हचं पहिलं पुस्तकही त्याच वर्षीचं, ही गंमत). तर तेनार आता चाळिशीतली शेतकऱ्याची विधवा. बकऱ्या, चूल, भांडी, अन् अंगावर जळाल्याचे डाग असलेली एक सांभाळलेली पोर. एका मोठ्या जादूगाराने तिला शिकवायला घेतलं होतं, तिनेच सोडलं, लग्न करून संसार केला.

लोक खूप चिडले म्हणतात, अन् मी पण एकविसाव्या वर्षी वाचलं तेव्हा चिडली होती. भुयारातून निघालेली पोरगी भांडी घासायला निघाली होती का? खरं सांगायचं तर अजूनही एक गोष्ट खटकते, शेवटाकडं एका दुष्ट जादूगारापुढं ती अगदीच असहाय होते, अन् सुटका दुसऱ्याकडून होते. ते मला मनातून मान्य नाही, कोणी कितीही समजावलं तरी.

पण दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. तिचा मोठा झालेला मुलगा समुद्रावरून घरी येतो, जेवतो, अन् ताट तसंच टाकून उठतो. आई म्हणते उचल, तो म्हणतो हे बायकांचं काम आहे. बस एवढंच. ड्रॅगनच्या पुस्तकात ताटावरून भांडण! अन् मी तिथं पुस्तक बंद करून दहा मिनिटं स्वयंपाकघरात उभी होती. अशा पोराला मीच वाढवलं हा विचार तिला येतो, तो भुयारापेक्षा जड आहे, कारण भुयारात तिला दुसऱ्यांनी टाकलं होतं. ही बाई मागे गेली नाही, ती आपल्या निवडीचा हिशोब करून राहिली आहे, अन् तो हिशोब करायला माणूस चाळिशीचाच लागतो. 'दि अदर विंड' (२००१) मध्ये तर लहानपणीची तिची भाषा कामी येते, परदेशातून आलेल्या घाबरलेल्या राजकन्येशी ती तिच्याच भाषेत बोलते.

तर भाचीबाईंसाठी निकाल. हिरोइन पानापानाला शिकताना, भांडताना, चुकताना पाहायची असेल, अन् वेणीचा राग सहन होत असेल, तर नायनीव्ह घे, पण सातव्या पुस्तकापर्यंत दम धर, चौथ्यात सोडशील तर लोक म्हणतात तेच खरं वाटेल. आयुष्य मध्येच गाळून एकदम पुढचं वय दाखवलेलं चालत असेल तर तेनार. मी असती तर आता 'टूम्ब्स' वाचलं असतं, अन् 'तेहानू' कपाटात ठेवून दिलं असतं, लपवून नाही, दिसेल असं. अठराव्या वर्षी तुला ते बोअरच होईल, मला माहीत आहे. मग जूनमध्ये पाऊस आला, कॉलेजचं अॅडमिशन लांबलं, की व्हील ऑफ टाइम सुरू कर.

माझीच कॉपी घेऊन जा. फक्त दहावा भाग मागच्या उन्हाळ्यात कूलरखाली राहून फुगला आहे, शेवटची पन्नासेक पानं चिकटली आहेत. तशीही नायनीव्ह त्यात फारशी नाही, अन् त्या पुस्तकात फार काही घडतही नाही, चिकटलेली पानं सोडून सरळ अकरावा उघडलास तरी चालते.