डीएनए पकडायला कुठला फायबर घ्यायचा: ग्रेटिंग, टेपर की सोन्याचा?

सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, व्हाइट स्पॉट व्हायरसचा डीएनए फायबर सेन्सरवर पकडायचाय, कुठला फायबर घेऊ, असं गोव्यातली एमएस्सी-पीएचडीची मुलं विचारत असतात. विषय झकास आहे. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत, मानशीतून (पाण्याच्या दारातून) पाणी आतबाहेर होतच असतं, रोग शिरला की तीन ते दहा दिवसांत तळं साफ होऊ शकतं, आणि व्हायरस डीएनएचाच, जिनोम साधारण 3 लाख बेस-जोड्यांचा, म्हणजे प्रोब (व्हायरसच्या डीएनएला जुळणारा छोटा एकेरी धागा) निवडायला जागा भरपूर.

तत्त्व सगळीकडे एकच. फायबरवर 20-25 बेसचा प्रोब चिकटवायचा, सँपलमध्ये त्याची जोडी असली की ती येऊन बसते आणि तिथला अपवर्तनांक किंचित वाढतो. 20 बेसची जोडी जेमतेम 7 नॅनोमीटर लांब, आणि फायबरबाहेर डोकावणारा प्रकाश शंभर नॅनोमीटरच्या पुढे जातो, त्यामुळे सिग्नल एवढुसाच मिळतो आणि निवड करताना खरा प्रश्न हा की तो कशात बुडणार नाही.

लाँग पीरियड ग्रेटिंग, म्हणजे गाभ्यात ठराविक अंतराने अपवर्तनांक बदललेला फायबर, पेपरात छान दिसतं; ठराविक तरंगलांबीचा प्रकाश त्यातून गळतो आणि स्पेक्ट्रममध्ये तिथे खड्डा पडतो. 1996 मध्ये बेल लॅब्जच्या आशिष वेंगसरकर आणि सहकाऱ्यांनी ते फिल्टर म्हणून मांडलं, क्लॅडिंग (गाभ्याभोवतीचं काचेचं आवरण) न काढता बाहेरचा बदल कळतो हा मोठा फायदा. पण तापमानाने तो खड्डा अंशाला साधारण 0.03 ते 0.1 नॅनोमीटर सरकतो, फायबर जरा वाकला तरी सरकतो, आणि एसी बंद पडून खोली चार-पाच अंश तापली की डीएनए कुठला नि उकाडा कुठला हे वेगळं काढता येत नाही. वर स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लाखांच्या घरात. साध्या ब्रॅग ग्रेटिंगला (तसंच, पण खूप बारीक अंतराचं ग्रेटिंग) तर क्लॅडिंग बहुतेक वेळा हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडने खायला लागतं, कॉलेजच्या लॅबमध्ये त्या नादाला लागूच नका.

टेपर म्हणजे 125 मायक्रॉनचा फायबर तापवून काही मायक्रॉनपर्यंत ओढलेला. संवेदनशील खूप, पण पाण्यातून वर काढताना पृष्ठताणाने तुटतो, आणि प्रत्येक नग वेगळा.

माझं मत सोन्याच्या बाजूने. जाड मल्टिमोड फायबर, गाभा उघडा करून त्यावर साधारण 50 नॅनोमीटर सोनं, हॅलोजन दिवा, छोटा स्पेक्ट्रोमीटर, बस. सोनं एका ठराविक तरंगलांबीचा प्रकाश शोषतं, स्पेक्ट्रममध्ये तिथे खड्डा पडतो, आणि डीएनए बसला की तो सरकतो. सोन्याचा थर सगळीकडून सारखा बसवणं कटकटीचं आहे, स्पटरिंगची (निर्वातात धातूचा पातळ थर चढवण्याची) सोय कुणाकडे ते आधी बघा, आणि स्पेक्ट्रममधला खड्डा रुंद असतो त्यामुळे फिटिंग नीट करावं लागतं. पण प्रोब थायॉलने (सोन्याला धरणाऱ्या गंधकाच्या टोकाने) थेट सोन्यावर बसतो. नुसत्या काचेवर बहुतेक जण सायलेन (काचेला प्रोब जोडणारं रसायन) वापरतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तेच नडतं, हवेतली वाफ लागली की सायलेन आपापसातच जुळून गुठळ्या करतं आणि थर असा बसतो की आजचा फायबर कालच्यासारखा वागत नाही.

आणि एक, हे सगळ्यांनाच लागू. डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर ऋण भार, म्हणून जोडी जुळायला मीठ हवंच, पण मिठाने अपवर्तनांकही वाढतो. सँपल सोडल्या सोडल्या खड्डा सरकला की लगेच खूश व्हायचं नाही, आधी होतं तेच बफर (मिठाचं द्रावण) परत फिरवायचं आणि तरीही जेवढं सरकलेलं राहील तेवढंच मोजायचं. खऱ्या सँपलचा डीएनए आधी 95 अंशाला तापवून पटकन बर्फात ठेवा, नाहीतर त्याचे दोन धागे एकमेकांनाच धरून बसतात.

तळेवाल्याला रोग आहे की नाही एवढंच हवंय? मग पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणारी चाचणी) करा, दुसरा विचार नको. 30 सायकलमध्ये एका प्रतीच्या जवळपास 100 कोटी होतात, फायबर बिचारा आहे तेवढंच मोजतो. फायबरचा फायदा म्हणजे जोडणी होताना प्रत्यक्ष दिसते, रंगीत लेबल लागत नाही, युरियाने धुऊन तोच तुकडा पुन्हा वापरता येतो. म्हणून सेन्सरच बनवायचा असेल तर सोन्याचा घ्या, आणि प्रोबची ऑर्डर देताना न जुळणारा एक धागाही मागवा, तो सोडल्यावर खड्डा जागचा हलला नाही तरच पुढचे आकडे धरायचे.