व्ही फिल्टरला पावसाळा बाधला : अकरा महिन्यांचा अनुभव

ताऱ्यांचं तेज मोजायला मी कॅमेऱ्याला व्ही फिल्टर लावतो, म्हणजे फक्त हिरवट-पिवळा प्रकाश आत सोडणारी काच. परवा डबा उघडला तर व्ही फिल्टरच्या कडेला पांढरट थर. खिडकीशी तिरपा धरल्यावर बोराच्या पानामागे लव असते तसा दिसला. पुसून जाईना. यावलजवळ आमचं घर, तिन्ही बाजूंनी केळीच्या बागा. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, पण ही वस्तू मी घट्ट डब्यात ठेवली होती!

विक्रेत्याचं उत्तर : "ओलावा लागलाय, वॉरंटीत बसत नाही." मग विकतानाच सांगायचं ना, की जुन्या धाटणीच्या व्ही फिल्टरमधली निळसर काच दमट हवेला नाजूक असते? बी (निळ्या प्रकाशाचा) आणि व्ही मिळून साडेअकरा हजार मोजलेत. सरळ 'घेऊ नका' लिहायला बसलो होतो.

त्याआधी रात्री एकदा तपासलं. वृषपर्वा तारकासमूहातले झीटा आणि एप्सिलॉन हे ठरलेले तुलनेचे तारे, प्रती (तेजाचा आकडा; जितका मोठा तितका तारा मंद) ३.३५ आणि ४.१९, म्हणजे फरक ०.८४ यायला हवा. गेल्या नोव्हेंबरात फिल्टर न लावता मोजला तेव्हा १.१ आला होता, कारण झीटा नारिंगी आहे आणि कृष्णधवल कॅमेरा तांबडा, अवरक्त सगळा प्रकाश गोळा करतो. व्ही लावल्यावर ०.८६. त्या रात्री मला खगोलशास्त्रज्ञ जॉन्सन आणि मॉर्गन यांनी १९५३ साली ही पद्धत का बसवली ते खरं कळलं : ५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचाच पट्टा सगळ्यांनी घ्यायचा, म्हणजे माझा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी जुळतो.

आता थर धरलेल्या फिल्टरने किती यावा? लेन्सवर पांढरा सुती पंचा ताणून संध्याकाळच्या आकाशाचे नवे फ्लॅट (सारख्या उजेडाचे फोटो, ज्यांनी डागांचा परिणाम काढून टाकता येतो) घेतले, तारे चौकटीच्या मधोमध ठेवले. ०.८७. तीन वेळा मोजलं, तेच. मधली काच अजून स्वच्छ आहे, म्हणून मत बदलतोय : मोजमापाला फिल्टर चोख आहे, राग फक्त त्या लपवलेल्या माहितीचा.

बी फिल्टरची तक्रार नाही. त्यातून प्रकाश कमी येतो, एक्सपोजर वाढवावं लागतं, एवढंच. मे महिन्यात मात्र धूळ आणि उकाड्यामुळे दोन्ही गुंडाळून ठेवले.

नवा घेणाऱ्यांनी रंगीत काचेऐवजी लेपाचा (काचेवर पातळ थर चढवून केलेला) व्ही मागावा, चार पैसे जास्त गेले तरी. माझा आता सिलिका जेलच्या पुड्यांसोबत स्टीलच्या डब्यात आहे. मी मोजतोय तो वृषपर्वातलाच तेज बदलणारा तारा, डेल्टा सेफी, ५.३७ दिवसांत ३.५ वरून ४.४ पर्यंत उतरून परत चढतो; त्याचे सहा बिंदू आलेखावर बसलेत, उतरणीचे अजून बाकी आहेत.