गाविलगडावर गाईड घ्यावा का? घ्या, पण प्रश्न विचारणारं पोट्टं सोबत न्या

चिखलदऱ्याला येणारी बहुतेक पब्लिक पॉईंट पाहते, कणीस खाते, फोटो काढते अन् गाविलगड रस्त्यावरूनच पाहून परतते. आम्ही परतवाड्याकडचेच, पण यावेळी सोबत बहिणीचे पोट्टे होते म्हणून एक लोकल गाईड काका घेतले.

काका सनावळी घोकून दाखवत नाही, प्रश्न टाकते. दिल्ली दरवाज्यापुढं उभं केलं अन् वर बोट दाखवून म्हणे, सुलतानाच्या किल्ल्यावर हा दोन तोंडाचा पक्षी काऊन बे? पोट्टे गप. मग गोष्ट सुरू. तो गंडभेरुंड, विजयनगरकडचं चिन्ह. अन् वऱ्हाडच्या इमादशाहीचा पहिला सुलतान फतहुल्ला हा जन्मानं तिकडचाच कानडी हिंदू, लहानपणी बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला, सरदार झाला अन् १४९० मध्ये अचलपुरात स्वतःचंच राज्य मांडून बसला! आमचा भाचा तर त्या पक्ष्याखालून हलेच ना.

दुसरा प्रश्न पोट्ट्यांचाच, एवढ्या वर इंग्रजांनी तोफा कशा चढवल्या? तर दक्षिणेकडून उभा कडा, म्हणून १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनं डोंगरातून वाट पाडत पाडत उत्तरेकडून तोफा ओढत आणल्या. १५ तारखेला बाहेरचा कोट फुटला पण आतल्याले भगदाडच नव्हतं, तिथं कॅप्टन कॅम्पबेलचे लोक शिड्या लावून चढले अन् आतून दरवाजा उघडला. गड तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा, त्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता गेला. दोनच दिवसांनी भोसल्यांनी इंग्रजांशी देवगावचा तह केला. या मोहिमेचा मुख्य म्हणजे आर्थर वेलस्ली, ज्यानं पुढं १८१५ ले वॉटर्लूत नेपोलियनले हरवलं तोच. हे ऐकून मोठा पोट्टा म्हणे खोटं आहे, मोबाईलमध्ये पाहतो म्हणे, पण वर रेंज कुठं हाय!

खटकलं ते सांगतो. भीम-कीचकाची कथा (भीमानं कीचकाले मारून इथल्याच दरीत फेकलं म्हणते ती) अन् वेलस्लीची लढाई काका एकाच दमात, एकाच खात्रीनं सांगते, लहान लेकराले पुराण कोणतं अन् इतिहास कोणता समजत नाही. विचारलं तर मात्र चिडत नाही, वेगळं करून सांगते. गडावरच्या देवतलावाकडे न्यायले थोडी कुरकुर केली, तिकडचं गवत खरंच लय वाढलं होतं म्हणा.

पैसे खालीच ठरवून घ्या, पाणी सोबत न्या, अन् पावसाळ्यात चपला घालून जाऊ नका, दगडावर शेवाळ असते.