हीटिंग टॉर्च घ्यायचाय, अ‍ॅसिटिलीन लावावं की एलपीजी?

हीटिंग टॉर्चमध्ये (ज्योतीने लोखंड तापवायचं हत्यार) ऑक्सिजनबरोबर कुठला गॅस लावायचा हा प्रश्न निघाला की जो तो आधी तापमानाचे आकडे फेकतो. अ‍ॅसिटिलीनची ज्योत ३१०० डिग्री सेल्सिअसच्या घरात जाते, एलपीजीची (इथे प्रोपेन धरून चालू) २८०० च्या आसपास, मग जास्त गरम तेच भारी, विषय संपला. अरे पण तुम्हाला लोखंड वितळवायचं नाहीये ना! ते १५०० च्या आसपास वितळतं, आणि हीटिंगच्या कामात आपण बहुतेक वेळा ६००-६५० च्या वर जात नाही, प्रीहीटला (वेल्डिंगआधी तापवायला) तर कित्येकदा १५०-२०० सुद्धा पुरतात. म्हणजे दोन्ही गॅस पुरून उरतात. फरक पडतो तो दोन गोष्टींनी, उष्णता ज्योतीच्या कुठल्या भागात आहे आणि तुमचा सिलेंडर ताशी किती गॅस देऊ शकतो.

आधी ज्योत बघू. एक घनमीटर अ‍ॅसिटिलीन जळलं की साधारण ५५ मेगाज्यूल उष्णता निघते आणि त्यातली जवळजवळ एक तृतीयांश नोझलच्या तोंडाशी असलेल्या छोट्या पांढऱ्या कोनमध्येच असते. प्रोपेनच्या एका घनमीटरमधून ९० च्या वर मेगाज्यूल मिळतात, पण कोनमध्ये जेमतेम दहावा हिस्सा, बाकी सगळी बाहेरच्या लांब निळ्या ज्योतीत पसरलेली. त्यामुळे गंजून बसलेला नट सोडवायचाय, एकच जागा पटकन लाल करायचीय आणि शेजारचं रबरी सील वाचवायचंय, तर अ‍ॅसिटिलीनला तोड नाही. त्याला मोठं रोझबड नोझल (अनेक भोकांचं, मोठी ज्योत देणारं) पण लागत नाही, वेल्डिंगची मध्यम टिप बास. नट तापवायचा, बोल्ट नाही, नट फुगेपर्यंत बोल्ट गारच राहिला पाहिजे, आणि हे सगळं वेगावर आहे कारण हळूहळू तापवलं की दोघं बरोबरीने फुगतात आणि पकड तशीच राहते.

उलट जाड प्लेट वेल्डिंगआधी प्रीहीट करायचीय, शाफ्टवरचं मोठं कपलिंग काढायचंय, जाड पाईप वाकवायचाय, तिथे तो टोकदार कोन त्रासच देतो, वरचा थर लालभडक आणि आत गार. इथे एलपीजीची पसरट ज्योत बरी, उष्णता आत मुरायला वेळ मिळतो. फक्त टॉर्च धरायची सवय बदलावी लागते. अ‍ॅसिटिलीनवाला माणूस एलपीजी पण तसाच जवळ धरतो आणि मग म्हणतो यात दम नाही, तर दम बाहेरच्या ज्योतीत आहे भाऊ, टॉर्च थोडा मागे घ्या आणि सतत फिरवत रहा.

आता सिलेंडर, आणि माझ्या मते निवड इथेच ठरते. अ‍ॅसिटिलीन अस्थिर गॅस आहे, नुसता दाबून भरता येत नाही, म्हणून सिलेंडरच्या आत सच्छिद्र भराव असतो, त्यात अ‍ॅसिटोन मुरवलेलं आणि त्यात गॅस विरघळवलेला. वेगाने ओढलं की गॅससोबत अ‍ॅसिटोन पण बाहेर येतं, ज्योतीचा रंग बदलतो, होज आणि रेग्युलेटरची वाट लागते. थांबून थांबून काम असेल तर ताशी सिलेंडरच्या क्षमतेच्या दहाव्या भागापेक्षा जास्त ओढू नका, सलग काम असेल तर पंधरावा भाग. (जुने लोक सातवा भाग सांगतात, तो आकडा सोडून द्या.) म्हणजे ७ घनमीटरचा सिलेंडर ताशी ७०० लिटर देणार, सलग चालवला तर ४६५ च्या आसपास. आणि समजा नोझलच्या तक्त्यात ताशी २००० लिटर लिहिलंय, तर तीन सिलेंडर मॅनिफोल्डवर (सिलेंडर एकत्र जोडणारी नळी) जोडायला हवेत, सलग कामाला पाच! हे न बघता लोक मोठं रोझबड घेतात आणि एकाच सिलेंडरला लावतात. मग नोझल उपाशी, गॅसचा वेग ज्योतीच्या जळण्याच्या वेगापेक्षा कमी पडतो, फटफट बॅकफायर (आवाज करून ज्योत टिपेत विझणं) सुरू होतो आणि एखाद्या वेळी ज्योत आत शिरते. त्यावर उपाय म्हणून प्रेशर वाढवणं हा तर आगाऊपणा, अ‍ॅसिटिलीन १५ पीएसआय (दाबाचं माप) च्या वर कधीच न्यायचं नाही, तिथून पुढे ते ऑक्सिजनशिवाय स्वतःच फुटू शकतं.

एलपीजीला ही भानगड नाही, ते द्रव रूपात असतं आणि उकळून गॅस देतं. पण उकळायला उष्णता लागते, ती सिलेंडरच्या अंगातनं जाते, त्यामुळे छोट्या सिलेंडरवर मोठं नोझल चालवलं की बाहेरून बर्फ धरतो आणि प्रेशर पडतं. तेव्हा मोठा सिलेंडर घ्या नाहीतर दोन जोडा, सिलेंडरलाच ज्योत दाखवणारे महाभाग असतात त्यांच्यापासून लांब रहा.

एलपीजीकडे वळणारे ऑक्सिजनचा हिशोब मात्र हमखास विसरतात. अ‍ॅसिटिलीनला साधारण बरोबरीचा किंवा थोडा जास्त ऑक्सिजन लागतो, प्रोपेनला चौपटीच्या आसपास. तेवढीच उष्णता धरून हिशोब केला तरी ऑक्सिजन दुपटीच्या जवळपास जातो. तुमच्याकडे ऑक्सिजन मिळणं कटकटीचं असेल तर हा मुद्दा हलका घेऊ नका. आणि एलपीजीवर स्टीलचं गॅस वेल्डिंग होत नाही, ब्रेझिंग (लोखंड न वितळवता पितळेसारख्या धातूने जोडणं) होतं, कटिंग होतं. एकाच सेटवर वेल्डिंग पण हवं असेल तर निर्णय आपोआप झाला.

सुरक्षेत कोण बरं? दोन्ही वेगवेगळ्या प्रकारे वाईट. अ‍ॅसिटिलीन हवेत २.५ टक्क्यांपासून ८० टक्क्यांच्या पुढेपर्यंत पेट घेतं, म्हणजे जवळपास कुठल्याही प्रमाणात. प्रोपेन साधारण २ ते ९.५ टक्के एवढ्यातच पेटतं, पण ते हवेपेक्षा दीडपट जड, गळालं की खड्ड्यात, तळघरात, गटारात जाऊन बसतं आणि वाट बघतं. सर्व्हिस पिटमध्ये (गाडीखाली काम करायचा खड्डा) उतरून काम असेल तर मी एलपीजी नको म्हणेन. अ‍ॅसिटिलीन किंचित हलकं असतं, वर उडून जातं, पण त्याच्या लाईनला तांब्याची नळी चालत नाही, स्फोटक संयुग बनतं. त्याचा सिलेंडर उभाच ठेवायचा, आडवा आणला असेल तर काही तास उभा ठेवून मगच वापरायचा, आणि व्हॉल्व्ह पाऊण फेरा उघडला की पुरे, दीडच्या वर नाही, चावी व्हॉल्व्हवरच राहू द्या म्हणजे वेळेला शोधावी लागणार नाही.

आणि हो, गॅस बदलला म्हणजे फक्त सिलेंडर बदलला असं होत नाही. नोझल वेगळं लागतं, कधी कधी मिक्सर (टॉर्चमधला गॅस आणि ऑक्सिजन मिसळणारा भाग) पण, होज एलपीजीला चालणारा आहे का ते त्यावर छापलेलं असतं ते वाचा, कारण काही होज फक्त अ‍ॅसिटिलीनसाठी असतात. रंगावर विसंबू नका, देशादेशात वेगळे असतात, आटे बघा, इंधन गॅसचे डावे आणि ऑक्सिजनचे उजवे.

पेटवायची पद्धत दोन्हीची तीच. दोन्ही होज वेगवेगळे थोडे सोडून साफ करा, आधी इंधन थोडं उघडा, ठिणगीच्या लायटरने पेटवा (सिगरेटचा लायटर खिशात पण नको), मग हळूहळू ऑक्सिजन. अ‍ॅसिटिलीनला कोनभोवतीचं पिसासारखं टोक नाहीसं झालं की न्यूट्रल (ना ऑक्सिजन जास्त, ना इंधन), हे नवख्यालाही दिसतं, एलपीजीला तसं स्पष्ट दिसत नाही, कोन आखूड आणि धारदार होईपर्यंत जुळवावं लागतं आणि ते हात बसल्यावरच जमतं. बंद करताना टॉर्चच्या मॅन्युअलमधला क्रम पाळा. पण आत सूं सूं आवाज येऊन ज्योत गायब झाली तर विचार करत बसू नका, टॉर्चवरचा ऑक्सिजन आधी बंद, लगेच इंधन. फ्लॅशबॅक अरेस्टर (उलटी शिरणारी ज्योत अडवणारे) रेग्युलेटरवर तर हवेतच, टॉर्चच्या बाजूला पण लावा, दोन्ही लाईनला. ऑक्सिजनच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस अजिबात नाही. डोळ्यांना ५ नंबरचा गॉगल.

गरम काय करताय हे कुठल्याही गॅसइतकंच महत्त्वाचं. बंद ड्रम, शॉकअब्सॉर्बर, हायड्रॉलिक सिलेंडर, टायर चढवलेली रिम, या चार गोष्टींना ज्योत नाही म्हणजे नाही, हवा काढलेली असली तरी टायर आतून तापून फुटू शकतो. गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा धूर छातीत जातो, क्लोरीनवाल्या ब्रेक क्लिनरने पुसलेला पार्ट तापवला तर फॉस्जीन तयार होतो जो विषारी आहे. अ‍ॅल्युमिनियम लाल होतच नाही, ६६० ला सरळ खाली ओघळतं. क्वेंच-टेंपर केलेलं (तापवून झटकन गार करून परत बेताने तापवलेलं) हाय स्ट्रेंथ स्टील ६०० च्या पुढे नेलं तर ताकद गेली, तिथे डोळ्याचा अंदाज नको, तापमानाचा खडू (ठरलेल्या तापमानाला वितळणारा) वापरा.

तर मी काय घेईन? रिपेअरचं काम, अडकलेले नट, अधूनमधून थोडं ब्रेझिंग आणि वेल्डिंग असेल तर अ‍ॅसिटिलीन, लहान टिपांसकट, आणि रोझबड घ्यायचंच तर सिलेंडरच्या दहाव्या भागात बसेल एवढंच. फॅब्रिकेशन, जाड प्लेटचं प्रीहीट, तासन्‌तास हीटिंग असेल तर डोळे झाकून एलपीजी, मोठा सिलेंडर आणि ऑक्सिजनचा भरपूर साठा. आणि काम फक्त गाडीखालचे नट सोडवणं एवढंच असेल, शेजारी डिझेलची लाईन आणि वायरिंग असेल, तर दोन्ही सोडा आणि इंडक्शन हीटर (विजेच्या कॉइलने तापवणारा) बघा, महाग आहे, मोठ्या पार्टला उपयोग नाही, पण नट काही सेकंदात लाल होतो आणि ज्योतच नाही.