उंच इमारतींचा मॉडेल सेट, एकाच मापात आहे म्हणून घ्याच

नवी पेठेतल्या एका दुकानातून साडेआठशेला घेतला, पोराच्या वाढदिवसासाठी. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट, क्वालालंपूरचे पेट्रोनासचे जुळे मनोरे, शांघाय टॉवर आणि दुबईची बुर्ज खलिफा, पुठ्ठ्याचे तुकडे खाचेत बसवायचे. याआधी ऑनलाइन एक सेट मागवलेला, त्यात सगळ्या इमारती सारख्याच उंचीच्या निघाल्या, पोराला वाटायला लागलं न्यूयॉर्कची आणि दुबईची एवढीच, म्हणून यावेळी दुकानातच पट्टी लावली. हा खरंच १:२००० ला आहे. बुर्ज ८२८ मीटर म्हणजे ४१ सेंटिमीटरच्या थोडी वर, शांघाय ६३२ म्हणजे साडेएकतीस, बरोबर भरतं.

एम्पायर स्टेट आणि पेट्रोनास शेजारी ठेवले तर जवळपास सारखेच, मला वाटलं यांचं माप चुकलं. चुकलं नव्हतं. एम्पायर स्टेट १९३१ ची, छत ३८१ मीटरवर, मॉडेलमध्ये आहे तशी अँटेनासकट ४४३ होते, पण उंचीच्या यादीत अँटेना धरतच नाहीत. पेट्रोनासच्या ४५२ मध्ये मात्र टोकाचे सुळके धरलेत, कारण ते डिझाइनचाच भाग मानतात, आणि त्यांच्याच जोरावर १९९८ ला शिकागोच्या सिअर्स टॉवरचा पहिला नंबर गेला. बुर्जचंही वरचं बारा सेंटिमीटर बोटाने मोजून बघा, एवढ्या उंचीत माणूस राहतच नाही, नुसता सुळका!

शांघाय जोडायला दोन तास लागले, प्रत्येक थर जरासा फिरवून बसवायचा. हा पीळ वाऱ्यासाठी आहे, सरळसोट इमारतीला वारा एका तालात हलवत राहतो, पिळामुळे त्याचा ताल जमत नाही. हे हाताने जोडताना जेवढं कळलं तेवढं फोटो बघून कधी कळलं नव्हतं.

पेट्रोनासच्या दोन मनोऱ्यांमधला पूल ढिला बसतो, फेव्हिकॉल लागतोच, आणि सूचना इतक्या बारीक अक्षरात की मोबाईलने झूम करून वाचाव्या लागल्या. एक स्टार त्याचा कापला.

मग पोरगं म्हणालं, पप्पा, आपल्या सोलापूरचं काय ठेवायचं? सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी, २०२३ ला विमानतळासाठी पाडली ती. होटगीकडून येताना लांबून ती दिसली की गाव आलं असं वाटायचं, अजून नजर तिकडं जातेच. साधारण ९० मीटर म्हणजे साडेचार सेंटिमीटर, खडू कापून उभा केला. बुर्जला गाठायला तसले नऊ तुकडे एकावर एक रचावे लागले, तरी थोडं कमीच पडलं.