यार्डातल्या पावसाच्या पाण्यासाठी बायोफिल्टर: वापरून बनलेलं मत

आमचं काम लोखंडी सांगाड्यांचं. कापायचं, जोडायचं, घासायचं आणि उघड्या यार्डात रचून ठेवायचं. शेडवर जस्ताचा थर दिलेले पत्रे आहेत. जोराचा पाऊस आला की छपरावरचं जस्त, फोर्कलिफ्टच्या वाटेवरचं तेल, टायरचा झिजलेला चुरा आणि ग्राइंडिंगची धूळ हे सगळं एकाच उताराने गटाराकडे निघतं. एवढं पाणी तासाभरात ईटीपीत (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्रात) घेणं शक्यच नव्हतं. आधी काडतुसांचे (बदलता येणाऱ्या गाळण-नळकांड्यांचे) फिल्टर होते. ते गाळाने बसले की पाणी बायपासने तसंच बाहेर जायचं आणि नवीन काडतुसं मागवावी लागायची. म्हणून बायोफिल्टर करून घेतला. त्याची देखभाल आणि पाण्याचे नमुने दोन्ही माझ्याकडे आहेत, त्यामुळे लिहिते आहे ते रोजच्या कामातलं आहे.

म्हटलं तर हा एक खोल वाफा. तळाशी पाणी न झिरपणारं अस्तर, त्यावर खडी आणि खडीत भोकांचा पाईप. वर जाड वाळूचा थर, त्याच्यावर साधारण ६० सेंटिमीटर गाळण-माती (नाव माती असलं तरी बहुतेक वाळूच) आणि सगळ्यात वर खोल मुळांचं गवत. औद्योगिक जागेत अस्तर टाळू नये. नाहीतर गटाराचं दुखणं भूजलात जातं. जागा म्हणाल तर जेवढ्या क्षेत्राचं पाणी येतं त्याच्या २ ते ५ टक्के धरतात.

गाळ वरच अडकतो, विरघळलेले धातू सेंद्रिय भागाला चिकटतात आणि तेल जिवाणू खातात. हे पुस्तकात वाचलं होतं. गवताचं काम मात्र डोळ्यांनी बघितल्यावर पटलं. मोठा पाऊस होऊन गेला की वाफ्यावर राखाडी साय धरते आणि वाळल्यावर तिला भेगा पडतात. पण प्रत्येक गवताच्या बुंध्याभोवती बोटभर रुंदीचं कडं मोकळं राहतं. वाऱ्याने बुंधा हलतो, तिथली साय फुटते. पुढच्या पावसात पाणी सगळ्यात आधी तिथेच मुरतं, बारीक बुडबुडे येताना दिसतात. शोभेची झुडपं लावून भागेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. दाट, तंतुमय मुळांचं गवतच मागा.

आता मिश्रणाबद्दल, कारण खरा फरक इथे पडतो. ठेकेदाराच्या पहिल्या प्रस्तावात कंपोस्ट भरपूर होतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात बरीच वर्षं ६० टक्के वाळू-खडी आणि ४० टक्के कंपोस्ट असं मिश्रण सर्रास वापरत. त्यातून नायट्रेट, फॉस्फरस आणि तांबंसुद्धा उलट पाण्यात उतरतं, हे तिथल्याच चाचण्यांत दिसलं. नंतर त्यांनी ७० टक्के वाळू, २० टक्के नारळाचा काथ्या आणि १० टक्के बायोचार (हवेविना भाजून केलेला कोळसा) असं मिश्रण पुढे आणलं. मी त्याच वळणाचं मिश्रण मागितलं आणि ठेकेदाराने कुरकुर न करता दिलं. सुरुवातीच्या पावसात पाईपमधून पिवळसर पाणी आलं, मग निवळलं. जस्ताचे रिपोर्ट तेव्हापासून मर्यादेच्या आत आहेत. काडतुसं असताना हे कधीच सलग जमलं नव्हतं.

टायरच्या चुऱ्याकडे बरेचजण दुर्लक्ष करतात. टायरमधल्या रसायनापासून बनणारं ६पीपीडी-क्विनोन कोहो सामन माशांना मारतं, हे २०२० मध्ये उघड झालं. आणि तेच रस्त्यावरचं पाणी मातीच्या थरातून गाळून दिलं तर मासे जगतात, हे त्याआधीच प्रयोगांत दिसलं होतं. फोर्कलिफ्ट दिवसभर फिरणाऱ्या यार्डाला हे लागू आहे असं मी मानते.

तक्रारीही आहेत. खडी आणि मातीच्या मध्ये कापड घालायचं, असं नकाशात दाखवलं होतं. बारीक कण त्यावरच बसून निचरा बंद पडतो, म्हणून ते काढायला लावून जाड वाळूचा थर घेतला. दुसरं, पाणी वाफ्यात येण्याआधी गाळ बसायला असलेलं चेंबर फारच लहान दिलं होतं. ग्राइंडिंगच्या धुळीने ते बघता बघता भरायचं आणि धूळ सरळ वाफ्यावर यायची. ते वाढवून घेतल्यावरच वाफा नीट चालू लागला. तिसरं म्हणजे ‘देखभाल नाही’ हे विक्रीचं वाक्य. देखभाल आहे! चेंबर उपसायचं, पाणी उतरायला वेळ लागू लागला की वरचे ५ सेंटिमीटर खरवडून नवीन भरायचे. खरवडलेल्या मातीत जस्त साठलेलं असतं. ती बागेत टाकायची नाही, तपासून रीतसर विल्हेवाट लावायची.

आणि हा वाफा सगळं गाळत नाही. मीठ, क्लोराइड तसंच्या तसं पार होतं. पिकलिंगचं (लोखंडावरचा गंज काढायचं) ॲसिड किंवा सॉल्व्हंट सांडलं तर ते ईटीपीचंच काम. त्यासाठी वाफ्याच्या तोंडाशी बंद करता येणारा व्हॉल्व्ह घ्या, आणि तो कुठे आहे हे रात्रपाळीलाही माहीत असू द्या.

एक गोष्ट ठेकेदाराने स्वतःहून सुचवली, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. बाहेर जाणाऱ्या पाईपला एल्बो (कोपरासारखा वाकडा जोड) लावून तोंड वर उचललं, त्यामुळे तळाशी कायम पाणी राहतं. कोरड्या महिन्यांत मुळं तिथून पाणी ओढतात, आणि तिथे हवा नसल्याने नायट्रेटही कमी होतं. आजूबाजूचं सगळं करपलं तेव्हा आमचं गवत हिरवं होतं.

मागच्या यार्डालाही आता हाच वाफा करतोय, ठेकेदारही तोच. या वेळी चेंबरचं माप आम्ही दिलंय, आणि निचरा ताशी १०० ते ३०० मिलिमीटरमध्ये बसतो असा चाचणी-अहवाल असल्याशिवाय मातीची गाडी आत घ्यायची नाही, हे ऑर्डरवरच लिहिलंय.